कलावंत गेला, पण त्याचं काम कुठे आहे?

विक्रम गोखले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेले. पण ते गेल्याची बातमी त्याच्या तीन दिवस आधी, २३ तारखेच्या रात्रीच सगळीकडे पसरली होती. नावाजलेल्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली, जुनी छायाचित्रं फिरली, आणि रुग्णालयात त्यांच्याजवळ असलेल्या घरच्यांना 'ते अजून आहेत' असं जगाला सांगावं लागलं. दोन वर्षांनी, १५ डिसेंबर २०२४ ला, झाकीर हुसेन यांच्या बाबतीत तेच झालं. ते सॅन फ्रान्सिस्कोत मृत्यूशी झुंजत होते आणि इकडे आपण त्यांना निरोप देऊन मोकळे झालो होतो. कुटुंबीयांनी खुलासा केला. खरी बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र: खोटी बातमी ११ तारखेला, खरी २४ तारखेला. त्या मधल्या दिवसांत त्या घरावर काय गुदरलं असेल याची कल्पनाही करवत नाही. हेमा मालिनींनी उघडपणे संताप व्यक्त केला, आणि तो सर्वस्वी रास्त होता.

या प्रकाराला आपण 'अफवा' म्हणतो आणि दोष बातमी देणाऱ्यांवर टाकतो. त्यांचा दोष आहेच. पण मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. त्या खोट्या बातमीनंतर वाहिलेली श्रद्धांजली आणि खऱ्या बातमीनंतर वाहिलेली श्रद्धांजली यांत एका शब्दाचाही फरक नव्हता. वय, दोन गाजलेल्या भूमिका, मिळालेले पुरस्कार, 'एका पर्वाचा अंत', 'भरून न येणारी पोकळी'. माणूस जिवंत असतानाही जी तशीच्या तशी चालून जाते, त्या श्रद्धांजलीचा त्या माणसाशी संबंध तरी कितीसा होता?

दुःख खोटं असतं असं मी म्हणत नाही. ज्याला आपण कधी भेटलो नाही अशा गायकाच्या जाण्यानं डोळ्यांत पाणी येतं, ते खरंच असतं. आयुष्यातले कितीतरी प्रसंग त्याच्या आवाजाला बांधलेले असतात. तो गेला की आपलाही थोडा भाग मागे पडल्यासारखा वाटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आसामी गायक झुबीन गर्ग यांचा सिंगापूरमध्ये मृत्यू झाला तेव्हा अख्खा आसाम रस्त्यावर उतरून रडला. तो शोक कुणी सांगून घडवून आणलेला नव्हता. प्रश्न त्या शोकाचा नाही. शोक ओसरल्यावर आपण काय करतो, हा आहे. आणि याचं प्रामाणिक उत्तर 'जवळजवळ काहीच नाही' असं आहे.

असरानींचं उदाहरण घ्या. २० ऑक्टोबर २०२५ ला ते गेले. आपल्या जाण्याचा गाजावाजा होऊ नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणून कुटुंबानं अंत्यसंस्कार शांतपणे उरकले आणि बातमी नंतर दिली. किती शहाणपणाची इच्छा! पण बातमी आली आणि तासाभरात त्यांची सगळी कारकीर्द 'शोले'मधल्या जेलरच्या दोन-तीन वाक्यांत मावली. ती भूमिका अविस्मरणीय आहे, यात वाद नाही. पण हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकला आणि पुढे तिथेच त्यानं अभिनय शिकवला. १९७२ च्या 'कोशिश'मध्ये तो अंगावर काटा येईल असा दुष्ट भाऊ झाला, १९७३ च्या 'अभिमान'मध्ये नायकाच्या पाठीशी उभा राहणारा समंजस मित्र झाला, १९७७ मध्ये 'चला मुरारी हीरो बनने' त्यानं स्वतः दिग्दर्शित केला. विनोदी नट म्हणून आपण ज्याला एका खणात ठेवलं, त्याचा आवाका किती होता हे कळायला त्याच्या मृत्यूइतकी योग्य वेळ दुसरी नव्हती. ती आपण 'हम अंग्रेजों के ज़माने के' म्हणण्यात घालवली.

डॉ. प्रभा अत्रे जानेवारी २०२४ मध्ये गेल्या तेव्हाही तिन्ही पद्म पुरस्कार सगळ्यांनी मोजले. त्यांनी सरगमवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली होती, आणि सरगम ही नुसती सजावट नसून भाव व्यक्त करणारी स्वतंत्र सामग्री आहे हे त्यांनी लिहून आणि गाऊनही मांडलं होतं. हे त्या दिवशी किती ठिकाणी वाचायला मिळालं? पुरस्कार देणाऱ्याबद्दल सांगतात. कलावंताबद्दल त्याचं काम सांगतं.

माझं म्हणणं साधं आहे. कलावंताची आठवण ठेवणं म्हणजे त्याचं काम टिकवणं, ते पूर्ण आणि मूळ रूपात पुढच्या माणसाला मिळेल अशी सोय करणं, आणि त्या कामात ज्यांचे ज्यांचे हात लागले त्यांची नावं त्याला चिकटलेली ठेवणं. बाकी सगळं ऐच्छिक आहे. शासकीय इतमाम, टपाल तिकीट, रस्त्याला किंवा चौकाला नाव, पुतळा: द्यायचं तर द्या. पण काम हरवलं तर त्या पाटीवरचं नाव वाचणाऱ्याला ते कुणाचं हेच कळणार नाही.

आणि काम हरवतं. पुन्हा विक्रम गोखल्यांकडेच येऊ. त्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले यांनी दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये भूमिका केल्या. वर्ष १९१३. स्त्रियांनी पडद्यावर येणं अप्रतिष्ठेचं मानलं जात होतं, पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करत होते, तेव्हा ही आई आणि तिची लहान मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. भारतीय चित्रपटातल्या पहिल्या स्त्री कलाकार म्हणून त्यांची नावं प्रत्येक इतिहासात आहेत. तो चित्रपट मात्र आज पाहायला मिळत नाही. त्या दोघींनी काय केलं, कसं केलं, त्यांच्या हालचाली कशा होत्या, हे आपल्याला कधीच कळणार नाही. चार पिढ्या अभिनय करणाऱ्या त्या घराण्याचं पहिलं पाऊल पुसलं गेलं आहे.

भारतात मूकपटांच्या काळात तेराशे ते सतराशे चित्रपट झाले असं मानलं जातं. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले बोटांवर मोजता येतात. 'राजा हरिश्चंद्र'चेही तुकडेच हाती आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत सापडलेली नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार सुमारे ७० टक्के मूकपट कायमचे गेले आहेत. कारणं ठाऊक आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म भुरकन पेटायची. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत उरली नाही. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी रिळंच्या रिळं वितळवली गेली. ज्यांनी वितळवली ते दुष्ट नव्हते. हे जपायचं असतं, ही जाणीवच कुणाला नव्हती. ज्यांना होती अशा मोजक्यांत पी. के. नायर होते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि नायर यांनी देशभर हिंडून, मिळतील तिथून डबे गोळा करून ते भरलं. आज फाळक्यांचं जे काही आपण पाहू शकतो त्यात या माणसाच्या पायपिटीचा वाटा फार मोठा आहे. तरीही २००३ मध्ये लागलेल्या आगीत पुण्यातल्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला.

हे जुन्या काळचं झालं, असं वाटेल. तर 'शोले' बघा. १९७५ चा चित्रपट, देशातल्या बहुतेकांना तोंडपाठ. त्याच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं तेव्हा मूळ निगेटिव्ह वाईट रीतीनं खराब झालेलं निघालं आणि ७० एमएमची एकही प्रिंट उरलेली नव्हती. ब्रिटनमधल्या एका गोदामात पडून असलेल्या रिळांनी हात दिला. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं अनेक वर्षं खपून तो पुन्हा उभा केला, सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदललेला मूळ शेवटही परत जोडला, आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात तो दाखवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात असरानी गेले आणि नोव्हेंबरात धर्मेंद्र. ज्या चित्रपटाची गाणी आणि संवाद घराघरात आहेत त्याची ही अवस्था असेल, तर ज्याला दोनच आठवडे चित्रपटगृह मिळालं त्या चित्रपटाची काय असेल?

काम वेळेवर झालं तर काय होतं याचंही उदाहरण आहे, आणि ते मला फार प्रिय आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ चा. गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो उभा केला, आणि पडद्यावर निर्माते म्हणून त्या ५ लाख शेतकऱ्यांचाच उल्लेख येतो. त्याचं पुनरुज्जीवन करताना बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी दोघेही हयात होते. रंग कसा हवा, सावली किती गडद हवी, हे ज्यांनी ठरवलं होतं त्यांनाच विचारता आलं. मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. बेनेगल २३ डिसेंबर २०२४ ला गेले. सात महिन्यांचं अंतर. स्मिता पाटील १९८६ मध्येच गेल्या होत्या. पण त्या अंधाऱ्या प्रेक्षागृहात पडद्यावर त्या पुन्हा तशाच ताज्या, तशाच धारदार दिसल्या. याला मी स्मरण म्हणतो.

आता सगळं डिजिटल झालंय, काहीच हरवणार नाही, हा समज खूप खोलवर रुजला आहे आणि तो धोक्याचा आहे. मायस्पेस या संकेतस्थळावर २०१५ पर्यंत जगभरच्या गायक-वादकांनी चढवलेली ५ कोटींहून अधिक गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाली, असं २०१९ मध्ये उघड झालं. त्यांतली कित्येक दुसरीकडे कुठेच नसतील. हार्ड डिस्क बंद पडतात, फाइल उघडणारी सॉफ्टवेअर कालबाह्य होतात, एखादी वेबमालिका कंपनीच्या हिशेबात बसली नाही की एका रात्रीत दिसेनाशी होते. आणि आज इंटरनेटवर जे सापडतं ते काय प्रतीचं असतं? कडा कापलेली फ्रेम, फिकट पडलेला रंग, मध्येच तुटलेली ठुमरी, कुणाचंही नाव नसलेलं शीर्षक. ते आहे याबद्दल मी त्या अनामिक चढवणाऱ्यांचा ऋणी आहे. पण त्यांच्या भरवशावर एका संस्कृतीची स्मृती सोडता येत नाही.

संगीताचं दुखणं आणखी खोल आहे. चित्रपटाला निदान निर्माता असतो. मैफल मात्र संपली की संपली. उरतात त्या शिष्यांच्या, रसिकांच्या, कुटुंबाच्या कपाटातल्या स्पूल आणि कॅसेटी. गवई जातो, मुलं घर आवरतात, टेप वाजवायला यंत्र नसतं, फितीला बुरशी लागलेली असते, आणि ते खोकं रद्दीत जातं. यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. कुणाकडे न्यायचं हेच ठाऊक नसतं. १९८२ मध्ये सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं, लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीत यांच्या ध्वनिमुद्रणांचं एक संशोधन केंद्र आहे, आकाशवाणीचा प्रचंड संग्रह आहे. पण सामान्य कुटुंबाला हक्कानं जाता येईल, 'आमच्या वडिलांचं हे वादन उतरवून ठेवा' असं म्हणता येईल अशी जागा प्रत्येक राज्यात असायला हवी. एखाद्या कलावंताच्या स्मारकावर होणारा खर्च त्या एका खोलीवर झाला तरी शेकडो कलावंत वाचतील.

नावांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण तो फारसा कुणी काढत नाही. आपण ज्यांना आठवतो ते पुढे उभे असलेले लोक. हिंदी चित्रपटसंगीताचा जो भरदार नाद आपल्या कानांत आहे, तो घडवणाऱ्या संगीत संयोजकांची आणि वादकांची नावं तबकडीवर येत नसत. अँथनी गोन्साल्विस हे असेच एक थोर व्हायोलिनवादक आणि संयोजक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यात हे पूर्ण नाव आलं ते शिष्यानं गुरूला केलेलं वंदन म्हणून. गाणं सगळ्यांना येतं. ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे, आणि तो माणूस २०१२ पर्यंत हयात होता, हे किती जणांना माहीत असतं? अमेरिकेत मोटाउन कंपनीच्या एकामागून एक गाजलेल्या गाण्यांत वाजवणारा 'फंक ब्रदर्स' हा वादकसंच वर्षानुवर्षं निनावी राहिला. मार्विन गे याच्या १९७१ च्या अल्बमवर त्यांची नावं पहिल्यांदा नीट छापली गेली. मार्नी निक्सन या गायिकेनं ऑड्री हेपबर्नपासून नॅटली वुडपर्यंत अनेक नायिकांसाठी गायलं आणि पडद्यावर तिचं नाव आलं नाही. ती २०१६ मध्ये गेली तेव्हा जगानं तिच्यावर लिहिलं, पण सुरुवात प्रत्येकाला 'तुम्ही हा आवाज ऐकलेला आहे' इथूनच करावी लागली.

झाकीरभाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी, ही बातमी सगळ्यांनी दिली. पण तबलजी हा मागे बसणारा, जाहिरातीत लहान अक्षरांत छापला जाणारा माणूस, ही रूढी त्यांच्या वडिलांच्या पिढीपासून मोडत आली, आणि त्यांनी ती पार मोडून काढली. तेही मुख्य कलाकाराला झाकोळून नव्हे. साथ करताना ते ज्या उत्कटतेनं समोरच्याकडे पाहत, त्याच्या एका नव्या जागेवर त्यांचा चेहरा जसा फुलत असे, त्यातून साथ म्हणजे काय हे हजारो लोकांना पहिल्यांदा उमगलं. त्यांना आठवायचं असेल तर पुढच्या मैफलीत निवेदकानं साथीदारांची नावं घाईत उरकू नयेत, आणि अ‍ॅपवर गाणं लावलं की गायकाबरोबर गीतकार, संगीतकार, संयोजक आणि वादक यांचीही नावं दिसावीत असा आग्रह आपण धरावा. तंत्र आहे, जागा आहे. मागणी नाही म्हणून ते होत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. सगळ्याच कलावंतांना आपलं काम साठवलं जावं असं वाटतं का? सूरबहारवादक अन्नपूर्णा देवींनी आयुष्याचा बहुतेक काळ बंद दाराआड वाजवलं, शिकवलं, आणि ध्वनिमुद्रणाला ठाम नकार दिला. २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा जे उरलं ते थोडंथोडकं आणि बहुतेक त्यांच्या संमतीशिवायचं. रसिक म्हणून मला त्याची हळहळ वाटते. पण त्या नकाराचा मान राखणं हेही त्यांचं स्मरणच आहे. टिकवणं म्हणजे हिसकावणं नव्हे.

म्हणूनच यंत्रानं मृतांचा आवाज पुन्हा बनवण्याचा जो नवा प्रकार आला आहे, त्याला माझा विरोध आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये 'लाल सलाम'साठी बांबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला. रीत चोख होती. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजाबाबत मात्र त्यांच्या मुलाला त्याच सुमारास एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवावी लागली. पण परवानगी असो वा नसो, जो सूर त्या गायकानं कधी लावलाच नाही, जिथे त्यानं श्वास घेतला नाही, जी ओळ त्यानं नाकारलीही असती, ती त्याच्या नावावर कशी चढवायची? गायकाचा आवाज म्हणजे फक्त पोत नव्हे, त्यात त्याची निवड असते. बीटल्सनी २०२३ मध्ये जॉन लेननच्या जुन्या कॅसेटमधला त्याचाच आवाज यंत्राच्या मदतीनं पियानोपासून वेगळा काढला आणि गाणं पूर्ण केलं. ती गोष्ट मला मान्य आहे, कारण ते गाणं त्यानं स्वतः गायलं होतं. धूळ पुसणं वेगळं, चेहरा नव्यानं रंगवणं वेगळं.

कायद्याचं म्हणाल तर वाट अवघड नाही. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत द्याव्या लागतात, असा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं त्या कायद्याच्या कक्षेत नाहीत. फ्रान्समध्ये चित्रपटाची प्रत जमा करणं बंधनकारक आहे. आपल्याकडेही प्रत्येक चित्रपटाची आणि प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाची मूळ दर्जाची प्रत, संपूर्ण श्रेयनामावलीसह, राष्ट्रीय संग्रहात जमा व्हायलाच हवी. खर्च सरकारनं उचलावा, छोट्या निर्मात्यावर तो टाकू नये. आणि ज्येष्ठ कलावंत, तंत्रज्ञ, वादक यांच्या सविस्तर मुलाखती ते बोलू शकतात तोवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. प्रश्न विचारायला आपण नेहमी उशिरा पोचतो.

हे सगळं मोठ्या संस्थांचं काम आहे, आपल्यासारख्यांनी काय करायचं, असं कुणी विचारलं तर मी १९४९ ची एक गोष्ट सांगतो. 'महल' चित्रपटातल्या 'आयेगा आनेवाला' या गाण्याची तबकडी बाजारात आली तेव्हा त्यावर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं. तेव्हाची पद्धतच तशी होती. गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि श्रोत्यांनी विचारायला सुरुवात केली: हे गातंय कोण? विचारणा इतक्या आल्या की रेडिओला ध्वनिमुद्रिका कंपनीकडून खरं नाव मागवावं लागलं, आणि मग ते निवेदनात सांगितलं गेलं. लता मंगेशकर.